ब्रॅमलींचे उपाध्ये

नवीन माणसाची ओळख झाली की काका त्याचं गाव, नोकरी, मुलंबाळं काही विचारायचे नाहीत. "पणजोबांचं नाव काय?" एवढंच विचारायचे. मला हा प्रश्न त्यांनी दोह्यातल्या आमच्या साइट ऑफिसच्या पॅन्ट्रीत विचारला. हातात चहाचा कप आणि आजूबाजूला आठ-दहा माणसं. मी त्या प्रोजेक्टवर प्लॅनिंग इंजिनियर, ते त्याच दिवशी रुजू झालेले डॉक्युमेंट कंट्रोलर. मला नाव आठवेना. "विनायक असावं," मी ठोकून दिलं. काका हसले नाहीत. म्हणाले, "असावं म्हणजे माहीत नाही. घरी फोन करून विचारा ताई, घाई नाही." पुण्याच्या बाईला चारचौघांत 'माहीत नाही' कबूल करायला लावणारा माणूस मला तिथल्या तिथे नावडता झाला, आणि ती नावड मी पुढे सहा वर्षं नीट सांभाळली.

ते मूळचे त्र्यंबकेश्वरचे, तीर्थोपाध्यायांच्या घरातले. त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्यांच्या नामावळ्या, म्हणजे लांबलचक वह्या. यजमान येतो, धार्मिक कार्य उरकतो आणि निघताना त्या वहीत बापाचं, आज्याचं, भावांचं, मुलांचं नाव स्वतःच्या हातानं लिहून सही करतो. पन्नास वर्षांनी त्याचा नातू उगवला, की नुसतं गाव आणि आडनाव विचारून उपाध्ये त्याला त्याच्या आज्याचं अक्षर काढून दाखवतात. वह्या आणि यजमान थोरल्या भावाकडे गेले. धाकट्याच्या वाट्याला बी.कॉम.ची पदवी आणि कतारचा व्हिसा आला. मी त्यांना 'नामावळीकाका' म्हणू लागले ते चेष्टेनं. त्यांना ते नाव इतकं आवडलं, की महिन्याभरात मल्याळी आणि फिलिपिनो धरून सगळं ऑफिस त्यांना 'काका' म्हणायला लागलं. म्हणजे चेष्टा माझी आणि कौतुक त्यांचं, असा तो प्रकार सुरुवातीपासूनच होता.

काम मात्र चोख. आम्ही वर्ल्डकपचं एक स्टेडियम बांधत होतो, आणि स्टेडियमची ड्रॉइंग्ज सारखी बदलतात. नवीन आलं की जुन्यावर 'सुपरसीडेड' असा लाल शिक्का मारायचा आणि ते बाजूला टाकायचं. बाकीचे कंट्रोलर ती भेंडोळी कोंबून ठेवत. काका प्रत्येक रद्द ड्रॉइंग घडी घालून, नंबरावर नंबर लावून कपाटात ठेवत. "वारला म्हणून माणसाचं नाव खोडतात का?" असं विचारायचे. एकदा कंत्राटदाराशी वाद झाला तेव्हा पाच महिन्यांपूर्वीचं रद्द ड्रॉइंग त्यांनी दोन मिनिटांत काढून टेबलावर पसरलं आणि आमची बाजू सावरली. त्या मीटिंगला मी तीन दिवस खपून रिपोर्ट केला होता. त्याची पानंसुद्धा कुणी उलटली नाहीत.

त्यांचं आणखी एक आवडतं वाक्य होतं. "तीन पिढ्या श्राद्धाला लागतात, म्हणून पाठ असतात. चौथीचं नाव ठेवायला काही कारण नसतं. म्हणून ते ठेवायचं." शुक्रवारी ते आमच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या फ्लॅटवर जेवायला येत. स्वतः अल हिलालमध्ये एका व्हिलात प्लायवूड ठोकून पाडलेल्या पार्टिशनच्या खोलीत दोघा जणांबरोबर राहत. फॅमिली व्हिसा नव्हता, बायको त्र्यंबकलाच. त्यांना बोलावण्याची कल्पना माझ्या नवऱ्याची, अजितची. माझी मुलगी मुक्ता तेव्हा दहा वर्षांची. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि हे असंच चालायचं म्हणून मी ते सोडून दिलं होतं. काकांशी ती मराठीत बोलायची. मोडकं, पण मराठीत. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे, "काका, मग त्या पणजीला किती बाळं झाली?" माझ्या पोटची पोर, आणि तिच्या तोंडचं मराठी ऐकायला मला ओट्यापाशी कान लावून उभं राहावं लागत होतं.

आता मिस्टर गॉर्डनबद्दल सांगायला हवं, कारण खरी जळजळ तिथली आहे. गॉर्डन ब्रॅमली हे आमचे प्रोजेक्ट मॅनेजर. कॅनडातले, साठी ओलांडलेले, कमी बोलणारे. हे स्टेडियम उभं राहिलं की निवृत्त होऊन आपल्या तळ्याकाठच्या घरी जाणार होते. दर गुरुवारी मी त्यांच्यापुढे आठवड्याचा प्रोग्रेस मांडायचे. तो संपला की ते म्हणायचे, "बस, सुनीता," आणि पॅन्ट्रीतून दोन करक चहा, म्हणजे तिकडचा दाट दुधाळ चहा, मागवायचे. मग दहा मिनिटं गप्पा. कॅनडातला बर्फ, त्यांची थोरली बहीण मार्गरेट, माझी मुक्ता. एवढ्या मोठ्या ऑफिसात ही दहा मिनिटं फक्त माझी होती. मी गुरुवारी साडी नाही, पण इस्त्रीचा कुर्ता तरी नक्की घालायचे.

एका गुरुवारी काका ड्रॉइंगबरोबर पाठवायच्या ट्रान्समिटलच्या कागदावर सही घ्यायला आत आले आणि सही होताच त्यांनी विचारलं, "सर, युवर ग्रेट-ग्रँडफादर्स नेम?" मला वाटलं आता साहेब काकांना बाहेर काढतील. मिस्टर गॉर्डननी पेन खाली ठेवलं. आजोबांचं नाव सांगितलं, पणजोबांचं सांगितलं, त्याच्या पुढे अडले. एक जॉन थॉमस ब्रॅमली नावाचा सुतार इंग्लंडहून जहाजानं क्युबेकला आला आणि पुढे ओन्टारिओत शेती करून राहिला, एवढं घरात सांगत होते. तो मूळचा कुठल्या गावचा, त्याचे आईबाप कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. मार्गरेट चाळीस वर्षं शोधत होती. "गावाशिवाय माणूस नसतो, सर," काका म्हणाले. "आपण काढू." त्या दिवशी चहा तीन आले आणि माझ्या दहा मिनिटांतली आठ कॅनडाला गेली.

पुढचं वर्षभर हेच. उन्हाळ्यात दुपारी साइट बंद असायची. तेव्हा काका लायब्ररीच्या वेबसाइटी उघडून बसत. ओन्टारिओची जुनी जनगणना, चर्चचे लग्नाचे आणि बारशाचे दाखले, जहाजांच्या याद्या. सगळं ते आपल्या पद्धतीनं आडव्या कागदावर देवनागरीत उतरवून घेत. 'एलायझा, भ्रतार जॉन.' बायकांची लग्नानंतरची नावं सापडत नाहीत म्हणून एक आठवडा अडून बसले होते. मिस्टर गॉर्डननी सांगितलं, की आमच्यात लग्नात पहिलं नाव बदलत नाहीत, फक्त आडनाव बदलतं. काका विचारात पडले. मला म्हणाले, "म्हणजे अर्धीच बाई सासरी येते हो ताई. बरं आहे तसं."

एकदा मी काचेतून पाहिलं. दोघं एका कागदावर वाकले होते. जॉन आणि एलायझाला जॉर्ज नावाचा मुलगा झाला आणि गेला. पुढच्यालाही जॉर्जच नाव ठेवलं, तोही गेला. तिसरा जॉर्ज जगला, तो मिस्टर गॉर्डनचा पणजोबा. काका म्हणाले, "सर, पहिल्या दोघांचं नाव घ्या. मोठ्यांदा घ्या. कुणी घेतलं नसेल." आणि ज्या माणसानं क्रेन कोसळली त्या दिवशीसुद्धा आवाज चढवला नव्हता, तो माणूस "जॉर्ज, जॉर्ज" असं म्हणून चष्मा पुसत बसला. मी रिपोर्ट घेऊन दारात उभी होते. मला कुणी आत बोलावलं नाही. खोटं कशाला सांगू, त्या मेलेल्या पोरांचंही मला काही वाटलं नाही. मला एवढंच वाटलं, की सहा वर्षं मी या माणसापुढे बार चार्ट मांडतेय, आणि याला हे हवं होतं.

आणि मग गाव सापडलं. इंग्लंडच्या नॉरफोकमधलं एक खेडं. तिथे थॉमस ब्रॅमली नावाचा सुतार, त्याला जॉन नावाचा मुलगा, वय जुळणारं. मिस्टर गॉर्डननी ऑफिसात केक मागवला. दुपारी काका माझ्या टेबलाशी आले, खुर्ची ओढून बसले. एवढ्या ब्रॅमलींमधून नेमका हाच जॉन कसा धरलात, असं मी सहज विचारलं. काकांना माझ्या अज्ञानाची कीव आली असावी. "अहो, नावातच आहे की. जॉन थॉमस ब्रॅमली. मधलं नाव बापाचं. थॉमस ब्रॅमली शोधला, त्याच्या घरात जॉन आहे का बघितला. आहे. खलास."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. माझ्या शेजारच्या टेबलावर सायमन हे नाव आणि पीटर हे मधलं नाव असलेला इंग्लिश माणूस बसत होता आणि त्याच्या बापाचं नाव डेरेक होतं. इंग्रजांचं मधलं नाव बापाचं नसतं. ते असंच ठेवलेलं दुसरं नाव असतं, कधी मामाचं, कधी कुणाचंच नाही. हे दोह्यातल्या शाळेत जाणाऱ्या माझ्या पोरीलाही माहीत होतं. पण काकांच्या दहा हजार यजमानांत एकाचंही मधलं नाव बापाशिवाय दुसऱ्याचं नव्हतं, त्यामुळे त्यांना शंका यायचं कारण नव्हतं. आणि ती इतकी उघड गोष्ट होती, की आपण कशावरून शोधलं हे त्यांनी मिस्टर गॉर्डनना सांगितलंही नव्हतं. वंशावळीचं सगळं झाड त्या एका नावावर उभं होतं. मला ते बोलायला पाच सेकंद लागले असते. मी म्हणाले, "छान."

पुढच्या गुरुवारी मिस्टर गॉर्डन म्हणाले, की सुटीत ते आणि मार्गरेट त्या खेड्यात जाणार. मार्गरेट ऐंशीच्या पुढची, विमानाला घाबरणारी, पण येते म्हणाली. थॉमसच्या कबरीवर दगड नाही, तो त्यांनी करायला टाकला होता. दगडावर काय कोरायचं ते त्यांनी मला वाचून दाखवलं. तेव्हाही मी बोलले नाही. मला काय हवं होतं ते मला नीट माहीत होतं. दगड बसावा, मग कुणीतरी शहाणा माणूस भेटावा, चूक उघडी पडावी, आणि मिस्टर गॉर्डननी काकांकडे एकदा तरी तसं बघावं, जसं ते चुकीच्या ड्रॉइंगकडे बघतात. त्यात एक म्हातारी बाई परक्याच्या कबरीवर रडून येणार होती. ते मला दिसत होतं, पण मी ते बाजूला ठेवलं होतं.

घरी मात्र मला राहवलं नाही. जेवताना अजितला सांगितलं आणि पोट धरून हसले. "वंशावळीचे महापंडित. मधल्या नावाला बाप समजले." अजित हसला नाही. "मग तू त्यांना सांगितलंस ना?" म्हणाला. मी वरण वाढत होते. "सांगीन की." मुक्ता ताटात बघून जेवत होती. आपण मराठीत बोलतो तेव्हा पोरांचं लक्ष नसतं, असा आमचा सगळ्यांचाच एक गैरसमज असतो.

शुक्रवारी काका आले, जेवले, मुक्ताशी बोलत बसले आणि नेहमीपेक्षा लवकर उठले. रविवारी सकाळी मी ऑफिसात पोचले तर मिस्टर गॉर्डन स्वतः माझ्या टेबलाशी उभे. सहा वर्षांत ते कधी माझ्या टेबलाशी आले नव्हते. म्हणाले, "काकांनी सगळं सांगितलं. चूक तू पकडलीस म्हणाले. दगडाचं काम थांबवलंय. तू नसतीस, तर मी मार्गरेटला भलत्याच माणसाच्या कबरीवर नेलं असतं." आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

मी म्हणाले, "त्यात काय एवढं."

मग मी डॉक्युमेंट रूममध्ये गेले. काकांनी ब्रॅमलींचं ते मोठं झाड टेबलावर पसरलं होतं आणि त्यावर ते लाल शिक्का मारत होते. सुपरसीडेड. मारून झाल्यावर घडी घातली, नंबर टाकला. "मुक्तानं सांगितलं," ते म्हणाले. "'काका, आई म्हणते ते नाव बाबांचं नसतं.' हुशार आहे पोर. वर्ष गेलं असतं, ताई, माझ्या ध्यानात आलं नसतं." मी विचारलं, तुम्ही साहेबांना माझं नाव का सांगितलंत. काकांनी वर पाहिलं. "तुमच्याच घरून आलं ना? आमच्याकडे ज्यानं सांगितलं त्याचं नाव वहीत लिहितात." पुढे काही नाही. ना 'आधी का नाही सांगितलं', ना काही. त्यांना समजलं नव्हतं का सगळं समजून ते तसं म्हणाले, ते भोळेपण होतं की आयुष्यात खाल्लेला सगळ्यात मोठा टोमणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या वेळी माझ्या मनात आलं ते असं, की हा माणूस इथेही माझ्यावर कडी करून गेला.

काकांनी पुन्हा पहिल्यापासून मांडणी केली. या वेळी त्यांनी लग्नाचे साक्षीदार आणि जनगणनेतले शेजारी धरले. "परमुलखात माणूस आपल्या गावच्याच शेजाराला घर करतो. इथं अल हिलालला बघा की, आमच्या व्हिलात तिघंही नाशिककडचे." जॉनच्या आजूबाजूच्या चार शेतकऱ्यांची मुळं काढली, तर तिघं लिंकनशायरच्या एकाच खेड्यातले निघाले. तिथल्या चर्चच्या वहीत जॉन सापडला. बापाचं नाव सॅम्युएल. थॉमस हा आईचा भाऊ. मिस्टर गॉर्डन आणि मार्गरेट तिथे जाऊन आले. मोबाइलवरचा सॅम्युएलच्या कबरीचा फोटो दाखवला तेव्हा काकांनी चपला काढून मोबाइलला नमस्कार केला. त्यांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या मिस्टर गॉर्डननीही बूट काढले. मी मुद्दाम कॉम्प्युटरकडे बघत बसले.

माझी गुरुवारची दहा मिनिटं मला परत मिळाली, आता तर पंधराची झाली. मिस्टर गॉर्डन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, ही सुनीता, हिनं आमचं कुळ वाचवलं. मी हसून मान खाली घालायचे. लोकांना तो विनय वाटायचा. खरं सांगायचे प्रसंग पुष्कळ आले. दर गुरुवारी एक यायचा, आणि चहाबरोबर मी तो गिळायचे.

स्टेडियमचं छप्पर बसलं आणि माणसं कमी करायला सुरुवात झाली. कागदपत्रं क्लायंटच्या ताब्यात गेली की डॉक्युमेंट कंट्रोलरचं काम संपतं, त्यामुळे काकांचं नाव पहिल्या यादीत होतं. निरोपाच्या दिवशी त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. भावाची दृष्टी कमी झाली होती, वह्या आता त्यांनाच बघायच्या होत्या. आमच्याकडे शेवटचं जेवायला आले. मुक्ता रडली. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा म्हणाले, "साहेबांकडे लक्ष ठेवा, ताई. एकटा माणूस आहे. त्यांना तुमचा फार आधार आहे." मी "हो" म्हणाले. तेव्हा तरी सांगायला हवं होतं, 'काका, मी मुद्दाम गप्प बसले होते.' लिफ्ट आली आणि ते गेले.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांच्या पुतण्याचा मेसेज आला, काका गेले. नाशिकच्या दवाखान्यात बारा दिवस होते. पुतण्यानं लिहिलं होतं, काकांच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांना कळवतो आहे. मी तो मेसेज पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचला. रडू आलं, हे मला स्वतःलाच पटेना. मुक्ताला संध्याकाळी सांगायचं ठरवलं. मिस्टर गॉर्डनना तेव्हाच सांगायचं ठरवलं, आणि त्याबरोबर बाकीचंही. आता लपवण्यात काही अर्थ नव्हता, आणि मला ते ओझं उतरवायचं होतं.

ते खिडकीशी उभे होते. समोर स्टेडियम तयार होतं, आत गवताची चाचणी चालू होती. मी सांगितलं, काका गेले. आणि मग, थांबले तर धीर जाईल म्हणून, एका दमात बाकीचं सांगितलं. चूक मी पकडली नव्हती. ती मला आधीपासून माहीत होती, मी लपवली होती. दगड बसला असता तरी मी बोलले नसते. तुम्ही त्यांच्याशी बोलायचात ते मला सहन व्हायचं नाही. माझ्या मुलीनं त्यांना सांगितलं, आणि त्यांनी ते माझ्या नावावर लावलं. त्यांनी ओरडावं, किंवा माफ करावं, दोन्हीची माझी तयारी होती.

ते वळले. त्यांचा आवाज इतका बसला होता, की मला दोन पावलं पुढे जाऊन ऐकावं लागलं.

"तो गेलाय," ते म्हणाले, "आणि तू मला तुझ्याबद्दल सांगते आहेस."

मी तिथून निघाले. बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन उभी राहिले. लाज वाटत होती, खूप वाटत होती. आणि तेवढ्यातही माझ्या मनात आलं, की मी गेले तर या माणसाचा आवाज असा बसेल का.